मागच्या दाराने आलेले दुखणे

मित्रांनो, माझ्यावर जो कोणी आडवा होतो तो छताकडे तरी बघतो, नाहीतर जमिनीकडे. माझ्याकडे कोणी बघत नाही. म्हणून स्वतःची ओळख स्वतःच करून द्यायची सवय मला लागली आहे. मी एक बाक आहे. शाळेतला नव्हे, दवाखान्यातला. अंग ओकच्या लाकडाचे, वर चामड्याची गादी. गादी आता दोन-तीन ठिकाणी उसवली आहे आणि एका पायाखाली पुठ्ठ्याची घडी सारलेली असते, पण अजूनपर्यंत माझ्यावरून कोणी पडलेले नाही.

माझा जन्म अमेरिकेत, मिसुरी राज्याच्या उत्तरेला, हॅझल फोर्क या गावी झाला. ऑटिस गेरिंगर नावाच्या सुताराने मला घडवले. गावच्या चर्चमधले बाकही त्यांच्याच हातचे. त्यांची मुलगी ओपल डॉक्टर होऊन गावी परतली, तेव्हा आनंद कुठे ठेवू आणि कुठे नको असे त्यांना झाले होते. "चर्चच्या बाकावर लोक पापं घेऊन बसतात," रंधा मारता मारता ते म्हणायचे. "ह्याच्यावर कंबर घेऊन येतील. ह्याला जास्त मजबूत केलं पाहिजे."

ओपलने बापाला एक अट घातली होती. "बाबा, माझ्याकडे पोटुशी बायका येणार. त्यांना पालथं झोपता आलं पाहिजे." ऑटिस पुष्कळ डोके खाजवून अखेर कामाला लागले. मधली फळी सरकून निघेल अशी खाच त्यांनी केली आणि फळीच्या जागी खाली कॅनव्हासची झोळी लावली. पोट त्या झोळीत अलगद बसायचे. गावच्या पुरुषांनी भरपूर टिंगल केली. "ऑटिसला लाकूड कमी पडलं वाटतं, मधे भोकच ठेवलंय," असे म्हणत ते मला बघून जात. पण पहिली बाई, फे नावाची शाळेतली स्वयंपाकीण, माझ्यावर पालथी झाली आणि तिला रडू फुटले. कित्येक महिन्यांनी ती पोटावर झोपली होती. मग टिंगल करणाऱ्यांच्याच बायका रांगेत उभ्या राहिल्या.

तुमच्यापैकी कोणाला डॉक्टर व्हायचे असेल तर हे ऐकून ठेवा. आमच्या देशात डॉक्टर व्हायच्या दोन वाटा आहेत. एका वाटेने गेलेला एम.डी. होतो, दुसऱ्या वाटेने गेलेला डी.ओ. औषधे, शस्त्रक्रिया, बाळंतपणे दोघेही शिकतात आणि दोघेही करतात. डी.ओ. होणाऱ्यांचे त्याखेरीज हात तयार करून घेतात. कातडीखाली कुठे ताठले आहे, कुठली बरगडी श्वासाबरोबर हलत नाही, कंबरेचे हाड कुठल्या बाजूला कलले आहे, हे बोटांनी ओळखायचे आणि बोटांनीच सैल करायचे. या विद्येला ऑस्टिओपॅथी म्हणतात आणि ती आमच्याच राज्यात जन्मली. शहरातले काही डॉक्टर ओपलबाईंना 'हाडं मोडणारी' म्हणत. बाई चिडायच्या नाहीत. "त्यांना म्हणावं, कळा देणाऱ्या बाईची कंबर तासभर दाबून धरा," त्या सांगायच्या. "मग तिलाच विचारा, काय मोडलं ते."

बाईंनी बाळंतपण आणि बायकांचे आजार हेच आपले क्षेत्र निवडले होते. सातव्या-आठव्या महिन्यात कंबर धरते, पाय जड होतात, वाढत्या पोटामुळे बरगड्या वर ढकलल्या जातात आणि श्वास पुरत नाही. बाई एकेक जागा शोधून मोकळी करत. बाळंत झाल्यावर नीट बसता येत नाही म्हणून बायका येत. पाळीच्या दिवसांत वाकून चालणाऱ्या मुली येत. आणि जिथे हाताचे काम नाही तिथे बाई गोळी लिहून देत, नाहीतर इस्पितळात नेऊन सरळ पोट उघडत. हातावर त्यांचे प्रेम होते, पण आंधळे नव्हते. निदान मला तसे वाटायचे.

पुढे दिवस पालटले. गावातले इस्पितळ बंद पडले आणि बाळंतपणे चाळीस मैलांवर गेली. दवाखान्यात बटण दाबले की वरखाली होणारा नवा बाक आला आणि मला मागच्या खोलीत ढकलले. एका बाजूला कॉफीचे यंत्र, दुसऱ्या बाजूला बिघडलेला पंखा आणि समोर मागचे दार. मी खूप खट्टू झालो. लाकडालाही मान-अपमान कळतो, मित्रांनो.

पण त्या मागच्या दारानेच मला पुन्हा माणसांत आणले. हॅझल फोर्कमध्ये पुढच्या दाराने परके येतात. विमा विकणारे, सरकारी माणसे, वाट चुकलेले. शेजारीपाजारी आणि जिवाभावाची माणसे मागच्या दाराने, न ठोठावता, हातात काहीतरी घेऊन येतात. एखादा ओळखीचा माणूस पुढच्या दाराशी येऊन उभा राहिला तर घरातली बाई विचारते, आमचं काही चुकलं का? दवाखान्यातही तीच रीत पडली. पुढच्या दाराशी बर्निस ही नर्स बसायची. तिच्याकडे आधी वजन, मग दंडाला पट्टा बांधून रक्तदाब, मग लघवीची बाटली. मागून येणाऱ्याला यातले काहीच नाही. त्याला गरम कॉफी मिळायची आणि फार तर पाच मिनिटे माझ्यावर आडवे व्हायचे. भिंतीवर एका खिळ्याला ओपलबाईंचा जुना पट्टा टांगलेला होता, पण मागच्या माणसाला तो बांधणे म्हणजे त्याला परका म्हणण्यासारखे होते. मलाही ही रीत आवडायची. तिच्यामुळेच माझी गादी ऊबदार राहिली होती.

ओपलबाई सत्तरी ओलांडून गेल्या, तेव्हा त्यांच्या हाताखाली केंड्रा व्होल्मर आली. ती डी.ओ. झालेली होती, परवानाही मिळाला होता आणि आता बाळंतपणाचे पुढचे शिक्षण घेत होती. शहरात वाढलेली, नाकासमोर चालणारी मुलगी. पहिला महिनाभर ती रोज पुढच्या दाराने यायची आणि लोक तिच्याशी हवापाण्याच्या पलीकडे बोलायचे नाहीत. एके दिवशी जोलीन क्रेब्सने तिला हाताला धरून मागून आत आणले. जोलीन गुराढोरांच्या खाद्याच्या दुकानात कामाला होती आणि केंड्राने तिच्याच शेजारी खोली घेतली होती.

"रोज पुढून येतेस ती काय विमा विकायला?" जोलीन म्हणाली. "आता ह्या दाराने ये. म्हणजे लोक तुला टोमॅटो तरी देतील."

खरेच तसे झाले. केंड्राला टोमॅटो मिळाले, मुरंबे मिळाले, आणि जोलीनसारखी मैत्रीण मिळाली. तिचे हात तर असे होते की ओपलबाई बर्निसला म्हणायच्या, "ह्या पोरीच्या बोटांना डोळे आहेत गं." केंड्राने ते ऐकले होते. ऐकून ती लाजली होती आणि आपले काम अधिक मन लावून करू लागली होती. त्याच वर्षी जोलीनला दिवस गेले.

जुलैमध्ये गावात जत्रा भरली. शुक्रवारी दुपारी ओपलबाई एका बाळंतपणासाठी इस्पितळात गेल्या होत्या. पुढे बर्निसपाशी गर्दी होती. केंड्रा कॉफी घ्यायला मागे आली आणि तेवढ्यात जोलीन मागच्या दाराने आत शिरली. पोट पुढे, हातात टोमॅटोची पिशवी.

"ह्या पोरीनं माझ्या बरगडीत पाय अडकवलाय बघ," उजव्या बरगडीखाली हात ठेवून ती म्हणाली. "कालपासून. उद्या मला जत्रेत डुकरांच्या स्पर्धेत बक्षिसाच्या फिती वाटायच्यात आणि सरळ उभंसुद्धा राहवत नाहीये."

"पोरगीच कशावरून?"

"इतका हट्ट पोरगा करत नाही."

"आणि हे काय, अंगठी गळ्यात?"

"बोटांत जाईना. हार्लन कॅन्ससहून गव्हाचा ट्रक घेऊन परत आला की म्हणेल, बाई काडीमोड घेऊन बसली." दोघी हसल्या. जोलीनने कपाळ चोळले. "डोकं पण ठणकतंय. दिवसभर त्या तंबूत उभं राहिलं की दुसरं काय होणार?"

केंड्राने पुढच्या खोलीकडे एकदा पाहिले. "बर्निसकडे जाऊन बसतेस का जरा? ती सगळं बघेल."

"त्या गर्दीत? मी काय परकी आहे का? तू नुसती बरगडी सोडव, मी निघते."

केंड्राची नजर खिळ्यावरच्या पट्ट्याकडे गेली होती. मी हे पाहिले, आणि तिनेही पुढे ते कधी नाकारले नाही. मग तिने माझी मधली फळी काढली आणि जोलीनला झोळीत पोट सांभाळून निजवले. तिची बोटे बरगड्यांवरून फिरू लागली. थोड्याच वेळात ती पुटपुटली, "सापडली." एक बरगडी खरेच ताठली होती. तिने ती हळुवार सोडवली. जोलीनने मोठा श्वास घेतला आणि म्हणाली, "देवा, किती बरं वाटलं." केंड्राचा चेहरा खुलला. मीसुद्धा मनात म्हणालो, बटणाच्या बाकाला हे जमले असते का? जोलीन उठली, केस सारखे केले आणि टोमॅटो ठेवून मागच्या दाराने निघून गेली.

मी खोली सोडून कुठे जात नाही. दुसऱ्या दिवशीचे मला बर्निसच्या तोंडून कळले. डुकरांच्या तंबूत, हातात निळी फीत असताना जोलीन कोसळली. हातपाय ताठले, तोंडाला फेस आला. तिला झटक्यावर झटके येत होते. इस्पितळात ओपलबाईंनी तातडीने पोट उघडून बाळ बाहेर काढले. मुलगी होती, मुठीएवढी, दिवस भरायच्या कितीतरी आधीची. तिला काचेच्या पेटीत ठेवले. जोलीन दोन दिवस डोळे उघडेना.

"गरोदरपणातला रक्तदाब," ओपलबाई बर्निसला सांगत होत्या. "यकृताला सूज आली होती. उजव्या बरगडीखाली दुखतं ते त्यानंच. डोकं दुखतं, हातपाय सुजतात. पंधरा दिवसांपूर्वी मी तपासली तेव्हा काही नव्हतं गं. मधे एकदा जरी कोणी पट्टा बांधला असता तरी ही वेळ आली नसती."

केंड्रा दारात उभी होती. तिने हे सगळे ऐकले आणि ती दारातूनच परत फिरली. शुक्रवारी जोलीन येऊन गेली हे बर्निसला माहीत नव्हते. हार्लन कॅन्ससमध्ये होता, त्यालाही नाही. जोलीन तर बेशुद्धच होती. ते माहीत होते तिला, आणि मला.

मित्रांनो, अपराध मनात घेऊन वावरणारे माणूस कसे दिसते ते मी तेव्हा पाहिले. काम संपले की केंड्रा मागच्या खोलीत यायची आणि माझ्या काठावर बसून राहायची. कधी आपला तळहात गादीवर ठेवायची, नेमका तिथेच, जिथे जोलीनची उजवी बरगडी टेकली होती. टोमॅटोची पिशवी कोपऱ्यात नासून गेली, तरी तिने ती कोणाला उचलू दिली नाही. बरगडीचे दुखणे घेऊन कोणी आले की ती बर्निसला हाक मारायची आणि स्वतः हात पाठीमागे बांधून उभी राहायची. रोज दुपारनंतर चाळीस मैल गाडी चालवत ती इस्पितळात जायची आणि काचेच्या पेटीपाशी थांबून परत यायची.

तिने सांगायचा प्रयत्न केला नाही असे नाही. "डॉक, मला एक बोलायचंय," असे ती एकदा म्हणाली. ओपलबाईंनी तिच्या खांद्यावर हात ठेवला. "मला कळतंय, बाळा. मैत्रीण आहे ती तुझी. इतका जीव जाळू नकोस." केंड्राचे तोंड पुन्हा मिटले. अशा मायेपुढे खरे बोलणे फार जड जाते. मला तिचा रागही येत होता आणि कीवही. पण बोलणे मला शक्य नव्हते आणि तिला शक्य असून ती बोलत नव्हती, एवढा फरक आमच्या दोघांत होताच.

जोलीन वाचली. बाळही वाचले. सप्टेंबरात एका दुपारी मागचे दार उघडले आणि बाळाला छातीशी धरून ती आत आली. अंगाने निम्मी झाली होती. ओपलबाई आणि केंड्रा दोघीही कॉफी घेत होत्या. बाईंनी उठून तिला जवळ घेतले. जोलीन मात्र केंड्राकडे वळली.

"डॉक, तुम्ही पोट उघडून वाचवलंत ते खरंच. पण हिनं आदल्या दिवशी माझ्या बरगड्या सोडवल्या नसत्या तर मी सकाळपर्यंत टिकले नसते. आई आता सगळ्या गावाला सांगणार आहे, ह्या पोरीच्या हातात देव आहे म्हणून."

ओपलबाईंनी कप खाली ठेवला. "आदल्या दिवशी?"

"शुक्रवारी. इथेच, ह्याच बाकावर."

बाईंनी केंड्राकडे पाहिले.  त्या क्षणी केंड्राने नुसती मान खाली घातली असती तरी चालले असते. गावाने तिचे गुणच गायले असते आणि ओपलबाईंनी रोग्यासमोर तिला उघडे पाडले नसते. पण ती उभी राहिली.

"जोलीन, मी तुला वाचवलं नाही. मी तुझा रक्तदाब बघितला नाही."

"म्हणजे?"

"तुझं बरगडीखाली दुखत होतं, डोकं दुखत होतं, अंगठी बोटात जात नव्हती. सगळं तूच मला सांगितलंस. तो पट्टा तिथे भिंतीवर होता. मला बरगडी सापडली आणि मी खूश झाले. शुक्रवारीच तुला इस्पितळात नेलं असतं तर झटके आले नसते. बाळाला आणखी थोडे दिवस पोटात मिळाले असते, कदाचित."

जोलीनने बाळाला घट्ट धरले. 

"तू रोज यायचीस," ती हळू आवाजात म्हणाली. "पेटीपाशी उभी राहायचीस. मी हार्लनला म्हणायचे, बघ, किती माया आहे हिची."

"माया होती."

"आणि?"

"आणि सांगायची हिंमत नव्हती."

ओपलबाई एकदम म्हाताऱ्या दिसू लागल्या. "हात खोटं बोलत नाहीत," त्या म्हणाल्या, "पण विचारलं तेवढ्याचंच उत्तर देतात. तिनं बरगडीला विचारलं, बरगडी बोलली. आणि मागच्या दाराने आलेल्या बाईला पट्टा बांधायचा नाही, हे ती माझ्याकडूनच शिकली, जोलीन. इतकी वर्षं मी एकीलाही—"

"पुरे," जोलीन म्हणाली. "आता तुमची समजूत मी घालायची का? दोघींची?"  "मी आभार मानायला आले होते. आणि कंबर दाखवायला. पेटीपाशी स्टुलावर बसून बसून माकडहाड गेलंय, गाडीतसुद्धा बसवत नाही. आता मी जाऊ कुठे? आहे का चाळीस मैलांत दुसरं कोणी?"

 जोलीनने ओठ आवळले. "डॉक, तुम्ही बघा. हिनं हात लावायचा नाही."

ओपलबाईंनी खिळ्यावरचा पट्टा काढला, तिच्या दंडाला बांधला आणि आकडा मोठ्याने वाचला. तो चांगला होता. मग जोलीनने आडवे व्हायचे ठरवले आणि बाळ कुठे ठेवायचे ते तिला कळेना. बर्निस पोस्टात गेली होती. ओपलबाईंचे हात मोकळे हवे होते. पंख्यापाशी ठेवता येईना, कॉफीच्या यंत्रापाशी ठेवता येईना. तिने सगळी खोली दोनदा पाहिली. शेवटी केंड्रासमोर जाऊन उभी राहिली.

"धर," ती म्हणाली. "मान सांभाळ."

केंड्राने बाळ घेतले. ओपलबाईंची बोटे जोलीनच्या कंबरेवरून फिरत होती, तितका वेळ केंड्रा भिंतीला टेकून उभी होती. रडू लोटत होते, पण दोन्ही हात गुंतलेले असल्यामुळे तिला डोळे पुसता येत नव्हते. जोलीनने एकदाही तिच्याकडे पाहिले नाही. दर थोड्या वेळाने ती जमिनीकडे बघतच विचारायची, "झोपलीय का?" आणि केंड्रा म्हणायची, "झोपलीय."

मित्रांनो, तुमच्यातले काही जण उद्या डॉक्टर होतील. कोणाच्या बोटांना डोळे असतील, कोणाच्या औषधाला गुण येईल, आणि लोक तुम्हाला मागच्या दाराने घरात घेतील. घेऊ द्या, त्यासारखे सुख नाही. मी जुना बाक तुमच्याकडे एवढेच मागतो की आपल्या माणसाला परक्याइतके तरी नीट तपासा. या दवाखान्यात परक्याला आम्ही पट्टा बांधल्यावाचून कधी सोडले नाही. सुटली ती आपलीच.